रुग्णाला उचलणारे चौघे

दुर्धर रोगाने ग्रासलेली तरुण व्यक्ती हा आपल्या कथा-कादंबऱ्यांचा आणि चित्रपटांचा जुना व लाडका विषय आहे. पूर्वी क्षयाने जे कार्य केले, ते पुढे रक्ताच्या कर्करोगाने केले. प्रेक्षक रडतो, हलका होतो आणि घरी जातो. अशा कलाकृतीचे मोल केवळ अश्रूंवरून ठरवू नये. रुग्णाभोवतीची माणसे तीत नेमके काय करताना दिसतात, हेही पाहिले पाहिजे. या दृष्टीने दोन चित्रपटांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला ‘अँखियों के झरोखों से’. राजश्री संस्थेचा व हिरेन नाग दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट १९७८ साली आला. सचिन आणि रंजिता यांच्या भूमिका, रवींद्र जैन यांचे संगीत आणि हेमलता यांचा स्वर यांमुळे तो घराघरांत पोहोचला. त्याची नायिका लिली फर्नांडिस ही आपल्या समाजातली. हिंदी पडद्यावरील ख्रिस्ती मुलगी बहुधा क्लबात नाचणारी असे. अशा काळात एका ख्रिस्ती विद्यार्थिनीला सुशील, अभ्यासू व स्वाभिमानी नायिका म्हणून उभे केले, याबद्दल निर्मात्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

लिलीला ल्युकेमिया होतो आणि ती जाते. ती मरण पावते, ही माझी तक्रार नाही. १९७८ साली आपल्या देशातील बहुसंख्य रुग्णांची तीच गती होती. तक्रार निराळी आहे. निदान आणि अंत यांच्यामधला काळ या चित्रपटात विरहगीतासारखा सरतो. भोवतीची माणसे प्रेमळ आहेत, परंतु त्यांचे प्रेम शोकातून प्रकट होते, श्रमातून फारसे नाही. आजार जणू वरून उतरलेला विधिलेख असून कुटुंबाने तो डोळे पुसत वाचावयाचा आहे, असा ठसा मनावर उरतो.

प्रत्यक्षात ल्युकेमिया घरात येतो तो कामांची भली मोठी यादी घेऊन. नातेपुत्यासारख्या गावातील एखाद्या मुलाला हा आजार झाला, तर उपचारांसाठी आपल्याच जिल्ह्यातील बार्शी, नाहीतर पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. बालकांत अधिक आढळणाऱ्या तीव्र ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. प्रारंभीचे कडक औषधोपचार, पाठीच्या कण्यातून दिली जाणारी इंजेक्शने, रक्त व प्लेटलेट देणाऱ्यांचा शोध, शासकीय योजनेसाठी रेशन कार्डापासून दाखल्यांपर्यंतची जुळवाजुळव, आणि रात्री अंग तापले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाकडे धाव. आई रुग्णालयात, बाप कधी शेतावर तर कधी एस.टी.त, धाकटे भावंड आजीकडे. आणि त्या भावंडाच्या मनात आपण विसरले गेलो असे न बोललेले शल्य. हे सारे कादंबरीच्या तोलाचे द्रव्य आहे. पण आपल्या लेखकांनी त्याला फारसा हात लावलेला नाही.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नव्हे. १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध १६ बालकांना दिले, तेव्हा १० जणांत काही काळ सुधारणा दिसली. ज्या प्रयोगशाळेतून ते औषध आले, तिच्या संशोधनाची धुरा आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. १९६२ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे संत ज्यूड यांच्या नावाचे बालरुग्णालय उघडले. डॅनी थॉमस या कॅथलिक कलावंताने संत ज्यूड यांच्यापाशी केलेल्या नवसातून ते उभे राहिले. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली अस्थिमज्जा रोपण यशस्वी केले. आज प्रगत देशांत तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या १० बालकांपैकी सुमारे ९ वाचतात. आपल्याकडील प्रमाण कमी आहे. त्याच्या अनेक कारणांपैकी एक असे की काही कुटुंबे उपचार मध्येच सोडून देतात.

ती का सोडतात? पैसा संपतो, अंतर झेपत नाही, हे खरेच. परंतु ‘ब्लड कॅन्सर म्हणजे शेवटच’ ही समजूतही आड येते, आणि ती पसरविण्यात रुपेरी पडद्याचा वाटा मोठा आहे. दुसरी अडचण उलट दिशेची. पहिल्या काही महिन्यांत मूल टवटवीत दिसू लागते, डोक्यावर केस उगवतात, आणि घरच्यांना वाटते, आता पुरे. वास्तविक त्यानंतर दीड-दोन वर्षे रोजची गोळी व आठवड्याचे औषध चालू राहिले, तरच रोग परतण्याची शक्यता घटते. या कंटाळवाण्या, गीतहीन काळाचे चित्र ज्याने कधी कुठे पाहिलेले नाही, त्याला तो काळ निभावणे अधिक जड जाते.

म्हणूनच दुसरा चित्रपट महत्त्वाचा वाटतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेला ‘श्वास’ २००४ साली प्रदर्शित झाला. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा हा दुसरा मराठी चित्रपट. त्यातील आजार ल्युकेमिया नव्हे, डोळ्यांचा कर्करोग आहे. कोकणातील आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतात. प्राण वाचवायचे तर दृष्टी जाणार. येथे कॅमेरा आजोबांच्या पायांमागे चालतो: रांग, कागद, न समजणारे शब्द, वाट पाहणे. मुलाला सत्य सांगितल्यावाचून शस्त्रक्रिया नाही, असा डॉक्टरांचा आग्रह. आणि ते सांगावे कोणी, हा घरच्यांपुढील पेच. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला गुपचूप बाहेर नेतात आणि जग दाखवितात. अरुण नलावडे यांनी हा म्हातारा कोठेही भाबडा न करता साकारला आहे. मूल शेवटी जगते; त्याचे जगणे हेच कथेचे साध्य आहे. समाजसेविकेच्या काही प्रसंगांत उपदेशाचा सूर लागतो, हे वैगुण्य मान्य करूनही ‘श्वास’ची जात निराळी ठरते.

मार्कलिखित शुभवर्तमानात कफर्णहूमच्या पक्षघाती मनुष्याची कथा आहे. चौघेजण त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही, तेव्हा छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. पक्षघाती मनुष्य कथेत एक शब्दही बोलत नाही. छप्पर कसे उघडले, हे मात्र मार्क सांगतो. आणि प्रभू येशूने विश्वास पाहिला, तो त्या माणसांचा, असेही नोंदवितो. आपल्याकडे चौघांचे खांदे म्हटले की तिरडीच डोळ्यांपुढे येते. लिलीची कथा त्या तिरडीपाशी थांबते. ‘श्वास’ मात्र छप्परापर्यंत चढते.

आपल्या धर्मग्रामातील लिहित्या तरुणांना एवढेच सुचवावेसे वाटते, की ज्या घराने अशी दोन-तीन वर्षे काढली आहेत, त्या घराशी जाऊन बोलावे. औषधांचे वेळापत्रक, उसने घेतलेले पैसे, धाकट्या भावंडाचे रुसणे हे सारे लिहावे. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रक्तपेढीत नाव नोंदवावे, त्या घरच्या धाकट्याला दोन दिवस आपल्या घरी ठेवून घ्यावे.