माहितीदाराचं नाव कुठे लिहायचं? लोतिका वरदराजन वाचताना

वास्को द गामा १४९८ मध्ये मालिंदीहून कालिकतला पोचला तो तिथल्या एका वाटाड्याच्या भरवशावर. गामाचं नाव शाळकरी पोरांनाही पाठ असतं, पण तो वाटाड्या नेमका कोण होता यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सागरी इतिहासातली ही जुनी खोट आहे.

म्हणून लोतिका वरदराजन यांचं २००४ चं पुस्तक हातात घ्या आणि आधी नुसतं शीर्षक वाचा: ‘द रहमानी ऑफ एम. पी. कुन्हिकुन्ही मालमी ऑफ कवरत्ती’. रहमानी म्हणजे नौकानयनाची पोथी, मालमी म्हणजे जहाजाचा वाटाड्या. इथे त्याचं नाव ऋणनिर्देशाच्या कोपऱ्यात नाही, थेट शीर्षकात आहे. त्याआधी, १९९८ मध्ये, लक्षद्वीपच्या शिवलेल्या होड्यांवरचं त्यांचं पुस्तक गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं काढलं. खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवणाऱ्यांची विद्या हा त्याचा विषय.

पण त्यांना फक्त ‘तोंडी परंपरेच्या अभ्यासक’ समजू नका. फ्रेंच कंपनीचा अधिकारी फ्रांस्वा मार्तँ याच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद त्यांनीच टिपांसह केला. शिवाजी महाराजांच्या दक्षिण मोहिमेसाठी आपण तो वाचतो. वाचताना लगेच विचारतो: हा कंपनीचा माणूस, यात त्याचा स्वार्थ काय? त्यानं हे स्वतः पाहिलं की ऐकलं?

माझा मुद्दा इथेच आहे. हेच प्रश्न आपण होडी शिवणाऱ्याला विचारतो का? बहुतेकदा नाही. त्याचं बोलणं एक तर ‘पुरावा नाही’ म्हणून बाजूला टाकतो, नाहीतर ‘परंपरा’ म्हणून डोक्यावर घेतो. वरदराजन यांच्या वाटेनं जायचं तर दुसरा धोका मोठा. आज दिसणारी होडी पाचशे वर्षांपूर्वीही अशीच होती, हे गृहीत धरता येत नाही. ते सिद्ध करावं लागतं. शीर्षकात नाव घातल्यानं ही जबाबदारी संपत नाही, उलट वाढते.

मी स्वतः यात फसलोय. आमच्या डाळजला उजनीच्या फुगवट्यात मासेमारी चालते. एका आजोबांना विचारलं, “हे कधीपासून करता?” ते म्हणाले, “पूर्वापार.” मी वहीत तसंच उतरवलं, खाली ‘स्थानिक माहितीदार’. धरण तर १९८० चं! मग आजोबा खोटं बोलले का? नाही. परत जाऊन बसलो तेव्हा कळलं, ते भीमेच्या वाहत्या पात्राबद्दल बोलत होते. जाळं जुनं, पाणी नवं. या एका शब्दात दोन काळ होते आणि मी एकच प्रश्न विचारून उठलो होतो.

तेव्हा क्षेत्रकार्याला निघताना वहीत प्रत्येक मुलाखतीपुढे तीन रकाने आखा: कोणी सांगितलं, कशाबद्दल सांगितलं, आणि त्याला ते कसं ठाऊक. नाव छापायला त्या माणसाची परवानगी घ्या; दिली तर मानानं छापा. आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा जा. मार्तँला आपण जितके प्रश्न विचारतो, तितके आजोबांनाही विचारणं हाच त्यांचा खरा मान.