ठंडा ठंडा पानी : ठेका आला, तक्रार मागे राहिली

१९९२ साली मॅग्नासाऊंड कंपनीने बाबा सहगल यांचा 'ठंडा ठंडा पानी' हा अल्बम काढला आणि रॅप हा शब्द हिंदी श्रोत्यांच्या तोंडी बसला. आज तो पुन्हा ऐकताना आम्हांला त्याचे श्रेय आणि त्याची उणीव, दोन्ही स्पष्ट दिसतात.

शीर्षकगीताचा ठेका उसना आहे. तो व्हॅनिला आइस या अमेरिकन गायकाच्या १९९० मधील 'आइस आइस बेबी'चा. त्यानेही तो क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या 'अंडर प्रेशर'मधून उचलला होता. पण उसनवारीचा दोष आम्ही देणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ च्या सुमारास ही कला जन्मली, तीच मुळी दुसऱ्यांच्या तबकड्या फिरवून.

बाबांचे श्रेय असे की, आपली रोजची बोली या ठेक्यावर चालते हे त्यांनी दाखवून दिले. काफियाची सवय असलेल्या कानाला रॅप परका वाटत नाही. एक यमक पडले की कान पुढच्याची वाट पाहू लागतो. मात्र चांगल्या शेरात काफिया अर्थाला कलाटणी देतो. येथे तो बहुतेक वेळा हशा मिळवून थांबतो. गंमत करणे हा गुन्हा नव्हे. पण १९८२ च्या 'द मेसेज'मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि साथीदारांनी याच कलेतून वस्तीचे दारिद्र्य मांडले होते. आपल्याकडे ठेका आला, तक्रार तिकडेच राहिली.

जव्हार-मोखाड्यात बसून हे शीर्षक ऐकले की ही उणीव अधिक बोचते. येथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे. हा अल्बम गाजत होता त्याच सुमारास, १९९२-९३ मध्ये, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. त्याचा जाब एका गायकाला विचारणे अन्यायाचे होईल. पण गार पाण्याची मौज आणि पाण्याचे दुःख एकाच भाषेत सांगता येते, हे तेव्हा कोणाला सुचले नाही, एवढे खरे.

ते सुचायला दोन दशके गेली. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने 'आफत' गायले आणि मुंबईच्या मुस्लिम वस्तीतला मुलगा स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या गल्लीविषयी बोलू लागला. बाबांनी उघडलेल्या दारातून आत आला तो हा आवाज. म्हणून 'ठंडा ठंडा पानी'ला आम्ही थिल्लर म्हणून मोडीत काढत नाही. त्याने वाट केली. त्या वाटेने काय न्यायचे, हे मागून येणाऱ्यांनी ठरवले. आमच्या डोंगरातली हंड्यांची रांग मात्र अजून कोणाच्या काफियात आलेली आम्ही ऐकलेली नाही.