चौकटीबाहेरची दोरी

ऑगस्ट आला की रत्नागिरीत आणि आसपासच्या तालुक्यांत छायाचित्र स्पर्धांची हालचाल सुरू होते. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला फ्रेंच सरकारने दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जगाला खुलं केलं. आपल्याकडे हा दिवस भर पावसात येतो. बाहेर कौलांवरून पागोळ्या गळत असतात, आत हॉलमध्ये बारा बाय अठराच्या प्रिंट्स फोमबोर्डवर चिकटवून ओळीने मांडलेल्या असतात, आणि त्यातल्या बहुतेकांत पाऊस नसतो. असतो तो सूर्यास्त. आरे-वारेच्या वळणावरून दिसणारे दोन किनारे, मांडवीच्या जेटीवरची काळी आकृती, भाट्याच्या सुरूंमागे बुडणारं केशरी बिंब, मिरकरवाड्याच्या होड्या. दर वर्षी तेच.

मी स्वतः पंचवीस वर्षं हौसेने कॅमेरा घेऊन हिंडतो आहे आणि गेली काही वर्षं लहानमोठ्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. त्यामुळे ही तक्रार बाहेरून केलेली नाही. यातले कितीतरी फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम असतात. वीस वर्षांपूर्वी इथे ट्रायपॉड दिसला तर लोक सर्व्हेवाले आले का, असं विचारत. आज बारावीतला मुलगा एनडी फिल्टर लावून लाटांचं धुकं करतो. हात तयार झाला आहे. नजर मात्र दुसऱ्या कुणीतरी घडवली आहे, आणि माझ्या मते ती घडवण्यात स्पर्धांच्या विभागवारीचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

ही विभागवारी जुनी आहे. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. पुढे १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी आली. सलोन म्हणजे निवडीची प्रदर्शन-स्पर्धा, तिथे फोटो निवडला गेला की ॲक्सेप्टन्स, मग नावापुढे एएफआयएपी, ईएफआयएपी अशी अक्षरं, ही सगळी शिडी हौशी छायाचित्रकाराला ठाऊक असते. या शिडीने आपल्याला पुष्कळ दिलं. शिस्त दिली, प्रिंट नीट करायला शिकवलं, गावातल्या माणसाचं काम जगासमोर नेलं. पण शिडीबरोबर एक व्याख्याही आली. अमेरिकेची छायाचित्रण संस्था पीएसए, आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयएपी आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून मान्य केलेली 'नेचर' विभागाची व्याख्या सांगते, की चित्रात माणसाच्या खुणा नकोत. माणसाच्या वस्तीला सरावलेले प्राणी-पक्षी दाखवताना, जसं की कोठारातलं घुबड, सूट असते. लागवडीची झाडं नकोत, पाळीव जनावरं नकोत. चित्रात काही घालायचं नाही, हलवायचं नाही, पुसायचं नाही. कडा कापायला मात्र हरकत नाही.

खोटेपणा रोखायला ही व्याख्या उपयोगी आहे, हे मी मानतो. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ चा विजेता लांडगा माणसाळवलेला असावा असा निष्कर्ष निघाला आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. २०१७ च्या एका विजेत्या चित्रातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा म्हणून तेही बाद झालं. नियम हवेतच. प्रश्न आहे तो हीच व्याख्या उचलून रत्नागिरीच्या तालुका स्पर्धेच्या फॉर्मवर चिकटवली की काय होतं, हा.

होतं ते असं. हापूसची बाग 'निसर्गा'त बसत नाही, कारण लागवड. लावणीचं शेत बसत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चरणारी म्हैस आणि तिच्या पाठीवरचा बगळा बसत नाही, कारण म्हैस पाळीव. भाट्याचा सुरू मात्र बिनदिक्कत खपतो. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. इथल्या किनाऱ्यावर तो माणसांनी ओळीत लावला. पण तो रानटी दिसतो, म्हणून कुणी विचारत नाही. देवराईचं काय करायचं? ते रान शिल्लक राहिलं ते गावाने देवाच्या नावाने कुऱ्हाड लावू दिली नाही म्हणून. तिथला घंटा बांधलेला दगड कापून टाकला की चित्र पात्र ठरतं, आणि ते रान का टिकलं हे सांगणारी एकुलती गोष्ट चित्रातून जाते.

दोन वर्षांपूर्वीचा एक फोटो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ओहोटीची वेळ, उघडे पडलेले काळे खडक, त्यांवर पांढऱ्या करवती कडांची कालवं. एक म्हातारी कमरेत वाकून कालवं काढते आहे. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, उजव्या हातात छोटी कोयती, लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत भिजलेला. तिच्या पायाशी दगडाच्या खळग्यात पाणी साचलंय आणि त्यात एक खेकडा अर्धा कपारीबाहेर. पाठीमागे समुद्र मागे गेलेला, राखाडी, ऊन नाही. ऊन नसणं ही चित्रातली सगळ्यात धीट गोष्ट. 'निसर्ग' विभागातून हा फोटो बाद झाला, कारण त्यात माणूस आहे. 'निसर्गदृश्य' विभागात सहपरीक्षक म्हणाले, व्यक्ती फार मोठी आहे. 'व्यक्तिचित्र' मध्ये चेहरा दिसत नाही. मी भांडलो, पण थोडंच. घड्याळाकडे पाहून पुढच्या प्रिंटकडे वळलो. तेव्हा मी नेट लावायला हवा होता. ओहोटीचं गणित, खडकावरचा जीव आणि त्यावर चालणारं घर हे तिन्ही एका चौकटीत आणणारा दुसरा फोटो त्या हॉलमध्ये नव्हता.

वेळासचं उदाहरण याहून बोलकं आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. मादी रात्री येऊन अंडी घालते. कासवमित्र ती काढून कुंपणातल्या उबवणीच्या जागी त्याच खोलीचा खड्डा करून पुरतात. दीडपावणेदोन महिन्यांनी पिल्लं वर येतात, त्यांना टोपलीतून पाण्याजवळच्या वाळूवर आणून सोडतात. फ्लॅशला मनाई. दोन्ही बाजूंना दोरी, दोरीमागे माणसं. स्पर्धेत येणारा फोटो ठरलेला: ओली वाळू, एकटं पिल्लू, समोर लाट. सुंदर असतो. पण ते पिल्लू तिथवर पोचलं त्या टोपलीमुळे आणि दोरीमुळे, आणि दोरी प्रत्येकाने कापलेली असते. नियमात हे बसतं. तरी एकाही चित्रात दोरी दिसू नये, याचं मला वाईट वाटतं. अंडी चोरणारी गावं अंडी राखणारी झाली, ही गेल्या वीस वर्षांतली किनाऱ्यावरची मोठी गोष्ट, आणि आमच्या 'निसर्ग' विभागाने तिला जागा दिली नाही.

माणूस चौकटीतून काढला की तो चौकटीमागे काय करतो हेही दिसेनासं होतं. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ करून अंडी घालतो. मूठभर पक्षी, अंगावर सगळे रंग, तोंडात पाल किंवा बेडूक. त्याच्या बिळासमोर कापडी आडोसे लावून तासन्‌तास बसणारे वाढले आहेत. स्वच्छ पार्श्वभूमी हवी म्हणून आडवी फांदी छाटलेली मी पाहिली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणं येतं, हे किती हौशींना माहीत असेल? घरट्यावरचा फोटो स्वीकारणार नाही, एवढी एक ओळ प्रत्येक फॉर्मवर छापायला पैसा लागत नाही.

मोठ्या स्पर्धांनी स्वतःला बदललं आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या नयन खानोलकर यांना लंडनच्या स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीस मिळालं ते मुंबईतल्याच आरे परिसरातल्या पाड्याच्या बोळातून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोला. भिंती, दिव्याचा उजेड, लोकांची वस्ती, आणि त्यातून निघालेलं जनावर. त्यातून भिंती काढल्या तर उरतो नुसता बिबट्या. २०२० मध्ये पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिच्या भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या फोटोला त्याच स्पर्धेत विशेष उल्लेख मिळाला. आपल्याकडे मात्र त्यातलं उचललं गेलं ते झाड आणि काजवे. मृगाआधी गाड्यांचे दिवे लावत रानात घुसणारी गर्दी कुणी टिपत नाही.

आणि कातळशिल्पं. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटरचा, त्याच्या रेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, देवीहसोळ, रुंढे तळी, जांभरूण अशी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ही शिल्पं एकेका सड्यावर पायी हिंडून, गुराख्यांना विचारून शोधली गेली. उभं राहून पाहिलं तर रेषा कळत नाही. सकाळचं तिरपं ऊन आलं की कोरीव खाचेत सावली भरते आणि जनावर उठून दिसतं. जांभा, प्राणी आणि हात यांची गाठ एवढी जुनी असलेल्या जिल्ह्यात 'माणसाची खूण नको' ही अट मला परकी वाटते. आयोजकांनो, वेगळा विभाग करा, त्याला 'गाव आणि रान' म्हणा, दुसरं काही म्हणा. एकाच फोटोऐवजी पाच फोटोंची मालिका मागा. ठिकाण, तारीख आणि फोटो कसा घेतला हे स्पर्धकाच्या हातचं लिहून घ्या. परीक्षकांत एक वनस्पती ओळखणारा आणि एक खाडीवरचा माणूस बसवा.

राजापूरकडचा एक तरुण, दिवसा बँकेत काम करणारा, वर्षभर एकाच सड्यावर एकाच दगडावर ट्रायपॉड ठेवून महिन्याला एक फोटो काढतो आहे. मेमधला कातळ भाजलेला, काळा. जूनअखेर भेगांतून दिपकाडीची पांढरी फुलं. ऑगस्टमध्ये डबकी, त्यांच्या काठाने सीतेची आसवं जांभळी होऊन पसरलेली, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके. ऑक्टोबरमध्ये गवत कापून रचलेलं, डिसेंबरात तपकिरी. फेब्रुवारीच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात एक सरळ रेघ आली आहे. चिरेखाण. मार्च-एप्रिलमध्ये ती आत सरकली आहे. यातला कुठला पाठवू, असं त्याने मला विचारलं. फॉर्मवर एकच चालतो. मी त्याला सगळे पाठवायला सांगितलं आहे, आयोजकांना फोन मी करणार आहे. कोपरा कापू का, हेही त्याने विचारलं होतं. नको म्हणालो.