पाळण्यांतील बाळ

पाळणा हा आमच्या वाङ्मयांतील जुना व लोकप्रिय प्रकार होय. राम, कृष्ण, शिवाजी यांचे पाळणे घरोघर गाइले गेले. त्यांची रचनाही बहुधा ठरलेली असते: पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेका दिवसाचें एकेक कडवें, आणि शेवटीं नामकरण. या पाळण्यांची गोडी आम्हांस मान्य आहे; परंतु त्यांत बाळ कोठें आहे, असा प्रश्न केल्यास उत्तर देणें कठीण जातें. हा जीव पुढें रावणास मारणार, कंसाचें पारिपत्य करणार, राज्य स्थापणार, हें कवीस ठाऊक असतें. तो आज काय पाहतो व काय ऐकतो, इकडे त्याचें लक्ष नसतें. कवि दत्त (१८७५–१८९९) यांची प्रसिद्ध अंगाई वीरकथा सोडून दरिद्री झोपडींत उतरते, हें तिचें मोठेपण. पण तेथेंही बोलतें तें आईचें दुःख. बाळ केवळ निमित्त.

हा दोष एकट्या कवींचा नव्हे. तो आमच्या घरांतही आढळतो. उत्तनलगतच्या पाली या समुद्रकांठच्या कोळ्यांच्या गांवीं एका ख्रिस्ती कुटुंबांत आम्ही बसलों असतां, परदेशीं नोकरीस असलेला मुलगा सहकुटुंब आला. नऊ महिन्यांचें नातवंड आजी-आजोबांस प्रथमच भेटत होतें. नाक कोणाचें, कपाळ कोणाचें, याची चर्चा झाली. एका नातलगानें तर त्यास नाखवा करून समुद्रावर धाडलेंही! आजोबांनीं हात पुढें करतांच मूल किंचाळलें. "आमचंच रक्त, आणि आम्हांलाच ओळखीना," असें म्हणून आजोबा खिन्न झाले.

वस्तुतः तें रडणें हेंच ओळखीचें एक रूप होतें. नुकतें जन्मलेलें मूल सुमारें वीतभर अंतरावरील चेहराच काय तो बरा पाहूं शकतें. आईचा आवाज मात्र तें गर्भांतच ऐकूं लागतें. आणि जन्मानंतर लौकरच इतर आवाजांहून तो पसंत करतें, हें डीकॅस्पर व फायफर यांनीं १९८० सालीं प्रयोगानें दाखविलें. दीड-दोन महिन्यांचें झालें म्हणजे तें समोरच्या माणसाकडे पाहून हसतें. आठव्या महिन्याच्या सुमारास पुष्कळ मुलांस परक्याचें भय वाटूं लागतें. स्पिट्झ यांनीं तें वाढीची खूण मानिलें. ज्यास कोणीच परका वाटत नाहीं, त्यास कोणी आपला तरी कसा वाटावा?

त्या घरांतील आजीनें हें कोठें वाचलें नव्हतें. ती हातभर दूर चटईवर बसली. मुलाकडे टक लावून न पाहतां, टाळ्या वाजवीत, चढ्या स्वरांत अर्थहीन अक्षरांची एकच ओळ पुन्हां पुन्हां म्हणूं लागली. हळूहळू रडें थांबलें. मूल आईच्या मांडीवरून वांकून पाहूं लागलें, आणि शेवटीं त्यानें आपला हात आजीच्या बांगड्यांकडे नेला.

समीक्षेच्या दरबारीं या बडबडीस फारसा मान नाहीं. साने गुरुजींनीं 'स्त्री-जीवन' या संग्रहांत बायकांच्या ओव्या एकत्र केल्या, म्हणून त्यांची थोरवी सुशिक्षितांस कळली. निरर्थक बोल मात्र, अर्थ नाहीं म्हणून, आम्ही वाङ्मयाबाहेरच ठेवतों. परंतु ज्या श्रोत्यास शब्दाचा अर्थ कळत नाहीं, त्याच्यापुरतें लय, स्वर आणि पुनरुक्ति हेंच सारें काव्य होय. या कसोटीस लाविलें असतां पाळणा हें मोठ्यांसाठीं रचलेलें काव्य ठरतें, आणि आजीची बडबड ही बाळाची पहिली कविता ठरते. बाळ पुढें कोण होणार हें तिच्यांत नाहीं. तें आज कोण आहे, एवढेंच आहे.

पाळणे पुस्तकांत सुरक्षित आहेत. या बडबडीचा स्वर, तिचा ठेका, तिचे हातवारे कागदावर उतरत नाहींत. नातवंडें दूरदेशीं वाढूं लागलीं, तर ज्यांच्या तोंडीं ती आहे त्यांच्याबरोबरच ती जाईल. म्हणून नातवंडाच्या पहिल्या भेटीस निघालेल्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति इतकीच कीं, हात पुढें करण्यापूर्वीं त्यांनीं थोडा वेळ गावें.