‘वळू’ आणि प्रेक्षकाचे हसू

विनोदी चित्रपटाविषयी ‘प्रेक्षकांना तो आवडला’ एवढे नोंदवून आपली समीक्षा बहुधा थांबते. कोणता प्रेक्षक कोणाच्या बाजूने हसला, हा प्रश्न तिला पडत नाही. उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे, कारण हा प्रश्न त्याच्या संहितेतच पेरलेला आहे.

देवाच्या नावाने सोडलेला डुरक्या माजला, अशी कुसवडे गावाची तक्रार. त्याला पकडण्यासाठी वनाधिकारी येतो. सोबत माहितीपट करू पाहणारा त्याचा धाकटा भाऊ. कॅमेऱ्यासमोर प्रत्येक जण आपापला डुरक्या सांगतो. गावातल्या गटबाजीचा हिशेबही त्याच्याच शिंगांवर टाकला जातो. मुके जनावर काहीच नाकारू शकत नाही. इझरने संहितेतल्या ज्या रिक्त जागांचा विचार केला, त्या इथे शिंगे-वशिंडासह उभ्या आहेत. गाव हाच डुरक्याचा वाचकवर्ग, आणि आपण त्या वाचकांचे वाचक.

याउसच्या परिभाषेत बोलायचे तर, ग्रामीण विनोदाविषयीचे आपले अपेक्षा-क्षितिज तमाशापटांनी आणि दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांनी घडवले. ‘वळू’ यांपैकी काहीच पुरवत नाही. मग महानगरी प्रेक्षकाला हसण्यासाठी हाताशी उरते ती बोली. पण बोलीला हसायचे तर प्रमाणभाषेची खुर्ची आपल्या बुडाखाली असावी लागते. सोलापुरात ती खुर्ची डळमळीतच असते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकाच रस्त्यावर ऐकणाऱ्या या शहरात प्रत्येकाची भाषा दुसऱ्याला थोडी वाकडीच वाटते. ‘गड्डमवार’ हे वनाधिकाऱ्याचे तेलुगू वळणाचे आडनावही इथल्या कानाला परके नाही. (ती भूमिका करणारे अतुल कुलकर्णी सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’तूनच पुढे आले, हा योगायोग.) शिवाय खिलार जनावरांचा हा मुलूख, माजलेला बैल इथे रूपक होण्याआधी बैल असतो. अशा प्रेक्षकाचे हसू कुसवडेकरांकडून सरकून त्यांचे चित्रण करायला आलेल्या कॅमेऱ्याकडे वळण्याची शक्यता अधिक.

उत्तरार्धातला पाठलाग लांबतो, प्रसंगांची पुनरावृत्ती होते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही माहितीपटाची चौकट सैल होत नाही. शहाणे म्हणून आलेले दोघे भाऊ त्याच चौकटीत हळूहळू पात्रे होऊन जातात, आणि त्यांच्या जागी बसून पाहणाऱ्या प्रेक्षकालाही मग सुरक्षित बाक उरत नाही.