शिक्का म्हणजे तपासणी नव्हे

श्रीपूरच्या साखर कारखान्यात उसाची गाडी आधी वजनकाट्यावर जाते, मग गव्हाणीकडे. ऊस एकदा गव्हाणीत पडला की कोणाचा किती, हे सांगता येत नाही. संगणकाच्या चकतीबाबत मात्र हा साधा क्रम पाळला जात नाही, अशी आमची तक्रार आहे.

चकतीवर फाइलींबरोबर त्यांची नोंदवहीही असते: कोणती फाइल कोठे आहे, कोणती जागा रिकामी आहे. चकती ‘माउंट’ करणे म्हणजे या नोंदवहीवर विश्वास ठेवून कामाला लागणे. भरलेली जागा तिच्यात रिकामी दिसली, तर नवी प्रश्नपत्रिका जुन्या गुणपत्रकावर लिहिली जाईल आणि संगणक हूं की चूं करणार नाही.

लिनक्सच्या १९९३ मधील ‘एक्स्ट-२’ रचनेत चकती रीतसर सोडवली की तिच्यावर ‘स्वच्छ’ अशी खूण होते. पुढच्या वेळी ती दिसली की पूर्ण तपासणी सहसा टळते. आमचा आक्षेप येथेच आहे. मध्येच वीज गेली तर खूण होत नाही आणि तपासणी होते, हे खरे. पण चकतीच्या दोषाने नोंदीतला एखादा बिट पलटला, तर खूण ‘स्वच्छ’च राहते.

‘एक्स्ट-४’मध्ये २०१२ साली नोंदींना ‘चेकसम’ जोडण्याची सोय झाली. नोंदीवरून एक संख्या काढून सोबत ठेवायची. वाचताना ती पुन्हा काढायची. जुळली नाही तर नोंद बिघडली. मात्र आज्ञावलीनेच चुकीची नोंद लिहिली, तर तिचाही चेकसम जुळतो! दोन फाइली एकाच जागेवर हक्क सांगतात का, हे सर्व नोंदी एकमेकींशी ताडल्यावरच कळते.

मोठ्या चकतीला यासाठी फार वेळ लागतो, ही अडचण खरी. शाळेच्या पेन-ड्राइव्हला ती सबब लागू नाही. अँड्रॉइड प्रणाली फॅट पद्धतीचे कार्ड माउंट करण्याआधी तपासते. संशय असेल तर चकती माउंट न करता प्रथम केवळ वाचून तपासावी. ‘एफएससीके’ या आज्ञावलीत तशी सोय आहे. दुरुस्ती मात्र संपूर्ण चकतीची प्रत काढल्यावरच करावी, कारण दुरुस्ती हेही चकतीवर लिहिणेच.

वर्गात हे दाखवायला संगणकही नको. ग्रंथालयाच्या नोंदवहीची एक नक्कल करून तिच्यात दोन पुस्तकांना कपाटातील एकच जागा द्या. चूक कोणत्या एका ओळीत आहे, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या.