व्होल्गेचा डफ आणि चिमूरची खंजिरी

शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्टालिनग्राडच्या पोवाड्या'चा विषय आमच्या चांदा-गडचिरोलीच्या मुलखात निघाला की बैठकीतील कोणीतरी एक प्रश्न हटकून विचारतो. ज्या ऑगस्टात चिमूर पेटले त्याच ऑगस्टात व्होल्गाकाठचे एक शहर पेटले; मग त्या दूरच्या शहराचे गुण गाणाऱ्या शाहिरास आपल्याच भाषेतले चिमूर का दिसले नाही? या प्रश्नास दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो की, शाहीर साम्यवादी पक्षाचा होता, पक्षाने सांगितले ते त्याने गायिले. पोवाडा निकालात निघाला. दुसरा पक्ष म्हणतो की, असा प्रश्न विचारणे हेच कोत्या मनाचे लक्षण होय. ज्या लढाईने जगाचे भवितव्य ठरले तिच्यापुढे एका तालुक्याच्या गावाची काय कथा! या दोन्ही उत्तरांनी पोवाड्याचा विचार करण्याचे श्रम वाचतात, याहून अधिक गुण आम्हांस त्यांत आढळला नाही. प्रश्न विचारणारा मात्र समाधान न पावता घरी जातो, आणि तो चिमूरकडचा असेल तर त्याचे असमाधान रास्त असते.

आधी पोवाडा या रचनाप्रकाराकडे पाहू. ॲक्वर्थसाहेब व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली जुन्या पोवाड्यांचा संग्रह छापला, त्याचे नावच 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' असे आहे. पोवाडा हा मूळचा व्यक्तीचा. अज्ञानदासाने अफझलखानाचा वध गायिला तो शिवाजीराजांसाठी. तुळशीदासाने सिंहगड गायिला तो तानाजीसाठी. पानिपत किंवा खर्डा अशा लढायांवर पोवाडे झाले, तरी त्यांत सरदारांची नामावळी हाच कण्यासारखा भाग असे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा रचून राजाकडे पाहण्याची दृष्टी पालटली, परंतु पोवाड्याच्या मध्यभागी पुरुष होता तो राहिलाच. अण्णाभाऊंच्या पोवाड्याच्या मथळ्यावर मात्र एक शहर आले, आणि तेही परक्या देशाचे. (त्या शहराच्या नावातही एक पुरुष दडून बसला होता हे खरे, त्याकडे पुढे वळू.)

हा पालट सामान्य नव्हे. वाटेगावाहून मुंबईस आलेल्या, गिरणीत राबलेल्या आणि शाळेचे शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या या तरुणाने व्होल्गा कोठे पाहिली होती, असे कोणी विचारील. आम्ही उलट विचारतो, पानिपताचा पोवाडा ऐकून डोळे पुसणाऱ्या दख्खनच्या श्रोत्यांनी तरी यमुना कोठे पाहिली होती? श्रोत्याच्या अनुभवातील एखादा धागा पकडून त्याला दूरच्या रणात नेऊन उभे करणे हे शाहिराचे कसब. स्टालिनग्राडच्या बाबतीत तो धागा कारखान्याचा होता. तेथील ट्रॅक्टरचा कारखाना, 'लाल ऑक्टोबर' नावाचा पोलादाचा कारखाना ही नुसती नकाशावरची ठिकाणे नव्हती. एकेक दालन, एकेक जिना यांसाठी तेथे आठवडेच्या आठवडे झुंज चालली. परळ-लालबागच्या श्रोत्यास किल्ल्याचा बुरूज कदाचित कळला नसता, पण कारखान्याचे फाटक त्याला चांगले ठाऊक होते. १९४४ साली अण्णाभाऊंनी अमर शेख व गवाणकर यांच्या संगतीने लाल बावटा कलापथक उभे केले. त्या पथकाचा पुढे जो बोलबाला झाला, त्याची पायवाट १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या पोवाड्याने पाडलेली होती.

रशियाने त्या महायुद्धात काय केले, या मुख्य गोष्टीपुरते बोलायचे तर शाहिराचे अनुमान इतिहासाने खोटे पाडलेले नाही. जर्मनीने २२ जून १९४१ रोजी रशियावर स्वारी केली, तेथपासून जर्मन भूसैन्याचा मोठा हिस्सा त्या आघाडीवर गुंतून पडला आणि तेथेच मोडला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी विमानांनी स्टालिनग्राड भाजून काढले व त्याच दिवशी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेस व्होल्गेला जाऊन भिडले. १९ नोव्हेंबरास रशियनांनी उलट चढाई केली, चार दिवसांत वेढा पुरा झाला, आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटच्या जर्मन तुकड्यांनी शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ९१ हजार माणसे कैद झाली. सबंध युद्धात सोव्हिएत देशाची सुमारे २ कोटी ७० लक्ष माणसे मेली. इतके मोल दुसऱ्या कोणत्याही देशाने दिले नाही. पश्चिमेकडील चित्रपट पाहून महायुद्धाची कल्पना बांधणाऱ्या आजच्या वाचकास हा हिशेब जितका ठाऊक आहे, त्याहून १९४३ च्या गिरणी-कामगारास तो अधिक ठाऊक असावा, असे आम्हांस कित्येकदा वाटते.

आता चिमूरकडे येऊ. ताडोबाच्या जंगलाच्या कडेचे हे गाव तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले, म्हणजे ज्यातून १९८२ साली गडचिरोली निराळा झाला त्या जिल्ह्यातले. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी-भजनांनी या भागात वारे भरले होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. चवताळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अंमलदारांपैकी काहीजण मारले गेले. १९ ऑगस्टास गोरे सैन्य गावात शिरले आणि त्यानंतर घराघरांतून, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले त्यांचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. गावावर सामुदायिक दंड बसला. खटले चालून फाशीच्या शिक्षा झाल्या. चिमूर आणि आष्टी येथील बंद्यांच्या त्या शिक्षा १९४५ साली जन्मठेपेत बदलेपर्यंत कित्येक घरांतील चूल मन लावून पेटली नाही. चिमूरची नागपंचमी आणि व्होल्गेवरचा तो भाजणारा रविवार यांमध्ये अवघे सात दिवसांचे अंतर आहे.

येथे एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. शाहीर पोवाडा रचतो तो त्याच्या कानी आलेल्या वार्तेवर. व्होल्गेची वार्ता मुंबईस रोज येत होती. सरकारास ती यावी असेच वाटत होते, कारण रशिया आता इंग्रजांचा दोस्त होता. चिमूरची वार्ता येऊ नये यासाठी मात्र तेच सरकार झटत होते. सेवाग्रामच्या आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांनी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून दिल्लीस व्हाइसरॉयच्या मंडळातील बापूजी अणे यांचे दार ठोठावले आणि नोव्हेंबरात उपोषण आरंभिले. त्या उपोषणाची बातमी छापण्यास सरकारने बंदी केली, तेव्हा तिचा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंकच काढला नाही. १२ जानेवारीस, ६३ व्या दिवशी, उपोषण सुटले. म्हणजे रशियनांनी जर्मनांभोवती वेढा आवळला त्यातील बराच काळ हा आश्रमवासी अन्नावाचून होता, आणि एकाच छापखान्यातून पहिली बातमी मोठ्या अक्षरांत निघत होती व दुसरी निघूच दिली जात नव्हती. चिमूर का दिसले नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा काही अंश येथे आहे.

पण अंशच. पक्षाला चिमूर ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू लागेल तर ते आम्ही मान्य करणार नाही. स्वारीनंतर काही महिन्यांनी 'साम्राज्यशाही युद्ध' हे 'लोकयुद्ध' झाले. १९४२ च्या जुलैत पक्षावरील बंदी उठली. ऑगस्टात राष्ट्रसभेने 'चले जाव' म्हटले त्यास पक्षाने विरोध केला. या भूमिकेतही विचार होता, तो न्यायबुद्धीने सांगितला पाहिजे. व्होल्गा फुटली असती तर कॉकेशसचे तेल, मग इराण, आणि पूर्वेकडून ब्रह्मदेशापर्यंत आलेले जपानी, या कात्रीत हिंदुस्थान सापडला असता, ही भीती काल्पनिक नव्हती. परंतु ज्या गावात १९ ऑगस्टास सैन्य शिरले त्या गावास ही भूगोलाची भाषा कशी पटावी? 'आपली फौज' असे लोकयुद्धवाला म्हणे तेव्हा त्या दोन शब्दांत लाल सेना येई, आणि चिमूरच्या घरांत शिरलेले सैन्यही येई.

आमच्या मते खरी अडचण येथे आहे, आणि ती राजकारणाइतकीच पोवाड्याच्या रचनेचीही आहे. पोवाड्यास शत्रू एकच लागतो. खान एक, उदेभान एक, मोगल एक. डफावर थाप पडली की श्रोत्यांचा सारा राग एका दिशेने वाहावा लागतो. तो दोन दिशांस फाटला की झीलकऱ्यांचा सूरदेखील लटका पडतो. १९४२ च्या मराठी माणसापुढे शत्रू दोन होते. बर्लिनचा एक, दिल्लीचा दुसरा. आणि त्या दोघांत आपसांत युद्ध जुंपलेले! ही स्थिती कोणत्याही पोवाड्यात मावणारी नव्हती. मुंबईच्या डफाने एक शत्रू निवडला, चिमूरच्या खंजिरीने दुसरा. खंजिरीने व्होल्गा गायिली नाही म्हणून तिला कोणी दोष देत नाही, आणि देऊही नये. मग डफालाच तेवढा का द्यावा? ज्याने एका खऱ्या शत्रूस ओळखून त्याच्याविरुद्ध माणसे उभी केली, त्याने खोटे गायिले असे म्हणता येत नाही.

तथापि दोष मुळीच नाही असेही नव्हे. तो दोष चिमूरच्या मौनात नसून रशियासंबंधीच्या निःशंकतेत आहे. २३ ऑगस्ट १९३९ या दिवशी, म्हणजे स्टालिनग्राडवर बाँब पडण्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, रशियाने याच हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला होता. पुढच्या महिन्यात पोलंड दोघांनी वाटून घेतला. 'लोकयुद्ध'च्या काळातील पक्षीय लेखनात हे पान कोणी उघडीत नसे. २८ जुलै १९४२ च्या आज्ञेने मागे हटणाऱ्या शिपायांस स्वकीयांच्याच बंदुका दाखविल्या गेल्या, हे तर तेव्हा बाहेर कळणेच शक्य नव्हते. शिपायाचा पराक्रम यामुळे उणा होत नाही, किंबहुना दोन्हीकडून मरणाच्या तोंडी असलेल्या त्या बिचाऱ्याविषयी मन अधिकच द्रवते. मात्र शहर लढविणारा तो अनामिक आणि शहरास ज्याचे नाव होते तो सत्ताधीश, या दोघांस एकाच माळेत ओवणे किती धोक्याचे होते हे पुढील काळाने दाखविले. १९६१ च्या नोव्हेंबरात रशियनांनीच ते नाव पुसून शहरास 'व्होल्गोग्राड' केले. योगायोग असा की त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाचा प्रवास करून आले. मराठी पोवाड्याच्या मथळ्यावर जुने नाव राहिले आहे आणि ते राहू द्यावे, कारण पोवाड्यास त्याची तारीख असते. आजच्या संपादकांनी मात्र अशा रचनांच्या मागेपुढे दोन ओळींची टीप घालण्याचा कंटाळा करू नये.

अण्णाभाऊंनी इंग्रजांविरुद्धचे बंड कधी गायिलेच नाही, असा जो समज आमच्या भागात आहे तो मात्र साफ चुकीचा होय. १९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिकही मिळाले. उपाशी मांगवाड्यासाठी धान्य लुटणारा, सरकारी खजिन्यावर हात टाकणारा हा मांग वीर इंग्रजांशीच झुंजतो. पोवाड्यात ज्यास जागा नव्हती ते सारे या गद्यात आले आहे. येथे शत्रू एक नाही. सरकार आहे, गावचे वैरी आहेत, आणि भूक आहे. सोळा वर्षांपूर्वी डफाने जो दुसरा शत्रू बाजूस ठेवला होता, त्याचा हिशेब लेखणीने येथे चुकता केला. शेवटी फकिरा आपण होऊन सरकारच्या हाती जातो तो पकडला गेल्यामुळे नव्हे, तर त्याच्यापायी त्याच्या माणसांवर चाललेला जुलूम थांबावा म्हणून. चिमूरकडच्या वाचकास तो भाग वाचताना सामुदायिक दंड आठवतो, १९ ऑगस्टनंतरच्या रात्री आठवतात. आमच्या बैठकीतील तो प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांस आम्ही हेच पुस्तक वाचावयास दिले आहे. ते त्यांनी अद्याप परत केलेले नाही.